उरलेला अर्धा सामना

फुटबॉल आणि मी यांचे नाते आजवर दोन समजूतदार शेजाऱ्यांसारखे होते. एकमेकांची चौकशी करायची नाही आणि कुरापतही काढायची नाही. त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत मी घरी जाहीर केले की, "कलकत्त्याला चर्चासत्राला चाललो आहे, आणि शनिवारी तिथे फुटबॉलचा सामनाही पाहणार आहे," तेव्हा आमच्या सौभाग्यवती हातात उलथणे तसेच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरं वाटतंय ना तुम्हाला?" एवढेच त्यांनी विचारले. तव्यावरची पोळी मात्र त्या दिवशी करपली.

आमची दहा वर्षांची कन्या तेवढी खूश झाली. तिला फुटबॉलपेक्षा आठवडाभर शाळा बुडण्याचे आकर्षण अधिक होते. सौभाग्यवतींच्या शाळेत परीक्षा तोंडावर आल्या होत्या. तेव्हा बापलेकींनीच जावे असे ठरले. सामन्याची बुद्धी मला झाली याचे श्रेय आबांना. आबा मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. त्यांचा पुतण्या माझा विद्यार्थी. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसे गेली कित्येक वर्षे गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पांगली आहेत. सोनारांच्या दुकानातली झाडलेली माती, केर, जुनी मोड विकत घ्यायची आणि भट्टी व तेजाब यांच्या साहाय्याने तीतून शुद्ध सोने-चांदी वेगळी करायची, हा तो धंदा. दुष्काळी मुलखाने मातीत सोने शोधण्याची विद्या शिकवली, ती अशी. आबांची भट्टी कलकत्त्याच्या बहूबाजारात. "सर, कलकत्त्याला येऊन बाकी कायबी बघू नका, पण शनवारची म्याच बघितल्याबिगर जायाचं न्हाई," असा त्यांचा फोनवरून हुकूमच सुटला.

(आता त्या शहराचे नाव सरकारदरबारी २००१ सालापासून 'कोलकाता' झाले आहे. पण आमच्या जिभेवर 'कलकत्ता' असा काही बसला आहे, की तो हलायला तयार नाही. वाचकांनी एवढी सवलत द्यावी.)

मुंबईहून आम्ही निघालो तो गीतांजली एक्स्प्रेसने. रवींद्रनाथांच्या काव्याचे नाव मिरवणाऱ्या गाडीत दीड दिवस पुरी-भाजी, शेंगदाणे आणि पत्ते यांचाच काय तो आस्वाद घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा आले. फलाटावर उतरलो तेव्हा आबा उभे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, वर स्वेटर, आणि गळ्यात लाल-पिवळा मफलर. गावाकडच्या माणसाच्या गळ्यात हा कोणता झेंडा, असे मी मनात म्हणतो आहे तोच आबा कन्येला म्हणाले, "ही आपली टीम बरं का पोरी. ईस्ट बेंगॉल!"

घरी पोचल्यावर कळले की 'आपली' हा शब्द त्या घरात जपून वापरावा लागतो. कारण आबांची सूनबाई बंगाली, उत्तर कलकत्त्यातली, आणि तिचे अख्खे माहेर मोहन बागानचे. तिने दारातच कन्येच्या हातावर नोलेन गुळाचा संदेश ठेवला. हिवाळ्यात खजुरीच्या रसाचा हा ताजा गूळ निघतो आणि त्याच्या संदेशाला नाही म्हणण्याची ताकद कोणत्याही पक्षाच्या माणसात नसते. कन्या तोंड भरलेले असतानाच विचारू लागली, "मग मी कुठल्या टीमची?"

हा प्रश्न तिथे साधा नाही. मोहन बागान १८८९ साली स्थापन झाले. २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरवले. अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले. बूट घातलेला खेळाडू एकच, सुधीर चॅटर्जी. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. परकीय सत्तेला तिच्याच खेळात आणि तेही उघड्या पायांनी हरवता येते, हे त्या संध्याकाळी कलकत्त्याच्या मैदानावर जमलेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ईस्ट बेंगॉल १९२० साली निघाले. पद्मा नदीपलीकडच्या पूर्व बंगालातून आलेल्या लोकांचा हा संघ. फाळणीनंतर लक्षावधी माणसे घरदार टाकून इकडे आली, तेव्हा या संघाचे नाव हाच त्यांचा उरलेला पत्ता झाला. इकडच्या मूळ रहिवाशांना 'घोटी' म्हणतात, तिकडून आलेल्यांना 'बांगाल'. एकाची निशाणी शिडाची होडी, दुसऱ्याची मशाल. मोहन बागान जिंकले की कोळंबीचा भाव चढतो, ईस्ट बेंगॉल जिंकले की हिलशाचा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा नियम नाही, पण कलकत्त्याच्या मासळीबाजारात तो सर्वमान्य आहे.

"पण बाबा," सूनबाई सासऱ्याला डिवचत म्हणाली, "उद्या-परवा तुम्ही जिंकलात तरी हिलसा कुठून आणणार? सरस्वतीपूजा झाल्याखेरीज तुमचे बांगाल लोक तो खात नाहीत." आबा शांतपणे म्हणाले, "आमी जिंकलो तर मटन हाय."

मला त्या रात्री एक छंद जडला. मास्तरकीचा परिणाम म्हणा; तोंडी परीक्षा घ्यायची सवय. जो भेटेल त्याला मी विचारू लागलो, "तुमचा पहिला सामना कोणता? तुम्ही स्वतः मैदानावर जाऊन पाहिलेला?" आणि उत्तरे अशी काही निघाली, की चर्चासत्रातल्या निबंधांपेक्षा मला तीच अधिक लक्षात राहिली.

चर्चासत्रात माझ्या शेजारी बसलेले एक बंगाली प्राध्यापक म्हणाले, "माझा पहिला सामना? २४ सप्टेंबर १९७७. ईडन गार्डन्स. पेले आला होता!" न्यू यॉर्कचा कॉसमॉस संघ घेऊन पेले कलकत्त्यात मोहन बागानशी खेळला होता. पावसाने सगळा चिखल झाला होता आणि सामना २-२ असा सुटला. मी आदराने विचारले, "कसा खेळला पेले?" प्राध्यापकमहाशय हसले. "मला काय ठाऊक? मी आठ वर्षांचा. माझ्यापुढे एक उंच गृहस्थ उभे होते. मी पेलेला पाहिले नाही. पेलेला पाहणाऱ्या माणसाची पाठ पाहिली. पण माझ्या मामाने तिकिटे मिळवण्यासाठी काय काय खटपटी केल्या, ते विचारा, तासभर सांगतो." आणि त्यांनी खरोखरच तासभर सांगितले. अध्यक्षांनी दोनदा आमच्याकडे रोखून पाहिले.

सूनबाईचा पहिला सामना १३ जुलै १९९७ चा. फेडरेशन चषकाचा उपान्त्य सामना, सॉल्ट लेकच्या मैदानात. त्या दिवशी तिथे एक लाख एकतीस हजारांवर माणसे होती. भारतात कुठल्याही खेळाला इतकी माणसे क्वचितच लोटली असतील. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' नावाच्या नव्या व्यूहाची शहरभर चर्चा चालली होती. ईस्ट बेंगॉलकडून पी. के. बॅनर्जी उभे होते. बायचुंग भुतियाने तीन गोल मारले आणि ईस्ट बेंगॉलने ४-१ असा विजय मिळवला. "मी सात वर्षांची होते," सूनबाई म्हणाली. "आजोबांनी नेलं होतं. आजीला इतकी खात्री, की तिने सकाळीच कोळंबी आणून ठेवली होती. रात्री आजोबा जेवले नाहीत. काका जेवले नाहीत. मी एकटीने सगळ्यांच्या वाटणीची कोळंबी खाल्ली. सामन्यातलं मला एवढंच आठवतं, की आजोबांच्या धोतराचा सोगा मी शेवटपर्यंत मुठीत धरला होता. घरी आले तेव्हा मुठीत त्याचा एक दोरा होता."

आणि आबा? आबा पंधरा वर्षांचे असताना, १९८४ साली, चुलत्याच्या भट्टीवर काम करायला म्हणून आले. भाषा येत नाही, भात खाऊन पोट भरत नाही, रात्री भट्टीशेजारीच झोपायचे. शेजारच्या दुकानातले एक म्हातारे बंगाली कारागीर या रडव्या पोराला एका रविवारी मैदानावर घेऊन गेले. ते बारिसालचे, फाळणीत आलेले. आबा सांगत होते, "समोर कोण खेळतंय, कायबी कळंना. म्हाताऱ्यानं खिशातनं मुडीचा पुडा काढला, माज्या हातात दिला, आन् म्हणाला, तू बी गाव सोडून आलास, मी बी गाव सोडून आलोय. म्हंजे तुजी टीम हीच. मी मान हलवली. तवापास्नं हलवतोच हाय." असे म्हणून आबांनी मफलर नीट केला. चाळीस वर्षांत ते म्हातारे गेले, चुलते गेले, गावाकडे टेंभूचे पाणी आले; पण आबांचा संघ बदलला नाही.

एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली होती. पहिल्या सामन्याविषयी विचारले, की गोल कुणी मारला हे क्वचितच कुणी आधी सांगे. हात कुणी धरला होता, ते प्रत्येकाला आठवत होते.

शनिवारी सकाळी आबा आम्हांला मैदान दाखवायला घेऊन गेले. कलकत्त्याचे मैदान म्हणजे शहराच्या मध्यावर पसरलेले हिरवे अंगण. तिथेच मोहन बागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीनही क्लबांची आपापली मैदाने आहेत. हिवाळ्याचे ऊन पडले होते. टोपीवाली मुले क्रिकेट खेळत होती, शेळ्या चरत होत्या. चहाच्या टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा घेत एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ बसले होते. आबांच्या ओळखीचे, मोहन बागानचे. आबांनी त्यांना माझ्या छंदाविषयी सांगितले. गृहस्थांनी चहाचे भांडे खाली ठेवले.

"१६ ऑगस्ट १९८०," ते म्हणाले.

आबा गप्प झाले. मला ती तारीख ठाऊक नव्हती. त्या दिवशी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचाच सामना होता. गॅलरीत मारामारी सुरू झाली, दगड आले, माणसे जिन्यांकडे पळाली, आणि चेंगराचेंगरीत सोळाजण मेले. सामना पाहायला म्हणून घरून निघालेली सोळा माणसे!

"मी अकरा वर्षांचा. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हलले नाहीत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नंतर आम्ही हावड्यापर्यंत चालत गेलो. बाबांच्या पायात एकच चप्पल होती. आई दारात उभी होती. बाबा पुन्हा कधी मैदानावर गेले नाहीत. पण दर वर्षी त्या तारखेला इथे रक्तदान होतं, तिथे मात्र जात. आता ते नाहीत. मी जातो." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि दादा, तुमचा पहिला सामना?"

मी म्हणालो, "आज संध्याकाळचा."

वाचकहो, मी खोटे बोललो.

संध्याकाळी बहूबाजारातून चालत आम्ही सियालदाला गेलो आणि मेट्रोत बसलो. एका डब्यात लाल-पिवळे आणि हिरवे-किरमिजी असे दोन्ही पक्ष दाटीवाटीने उभे होते. सूनबाई तिच्या भावाबरोबर पलीकडच्या टोकाला. आम्ही आबांबरोबर इकडे. त्या गर्दीत कन्येचा हात धरून उभा असताना मला छत्तीस वर्षांपूर्वीचा एक हात आठवला.

आमचे आप्पा फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही राहत असू. आप्पांचा आवाज म्हणून चाळीत कुणी ऐकला नसेल. मुलांवर रागावायचे झाले तरी ते चष्मा काढून पुसत. त्यांना नाद एकच: वर्षातून एकदा कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने भरत, त्यांना ते जात. १८९१ साली गोऱ्या पलटणींसाठी सुरू झालेली ही स्पर्धा. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली, तेव्हा त्यांचे गुरू रहीमसाहेब होते. पुढे त्यांच्याच हाताखाली १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, आणि तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. हे सगळे मी अलीकडे वाचून शिकलो. आप्पांकडून शिकायचे, ते राहून गेले.

१९८८ साली, मी नऊ वर्षांचा असताना, आप्पा मला कूपरेजला घेऊन गेले. त्या काळी खेळाडू म्हणजे बहुतेक करून टाटा, महिंद्र, मफतलाल अशा कंपन्यांचे नोकरदार. राष्ट्रीय लीग सुरू व्हायला अजून आठ वर्षे होती. तरी खेळून पोट भरणारी माणसे मी पहिल्यांदा पाहिली ती तिथे. संघ कोणते होते, मला आठवत नाही. आठवतात ते आप्पा. सामना सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील-नसतील, आणि माझे मितभाषी वडील ताडकन उभे राहिले आणि ओरडले. शब्द कळले नाहीत. मानेच्या शिरा दिसल्या. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. हे आप्पा नव्हेत, दुसरेच कुणी त्यांच्या कपड्यांत शिरले आहे, असे मला वाटले. मध्यंतर होईपर्यंत मी कसाबसा बसलो. मग मी रडायला लागलो. "आप्पा, घरी चला."

आप्पांनी मैदानाकडे एकदा पाहिले. मग ते म्हणाले, "चल."

आम्ही बाहेर पडलो. जवळच्या बँडस्टँडच्या बागेपाशी आलो, तोच पाठीमागे मैदानातून प्रचंड आरोळी उठली. आप्पा थबकले. माझा हात त्यांच्या हातात होता. तो त्यांनी किंचित घट्ट धरल्याचे मला कळले. फुटपाथवर एक चणेवाला बसला होता. आप्पांनी त्याला विचारले, "कुणी मारला रे?" तो म्हणाला, "काय माहीत, शेठ." आप्पा हसले, चार आण्यांचे चणे घेतले आणि पुडी माझ्या हातात दिली. लोकलमध्ये ते फक्त एवढेच म्हणाले, "भूक लागली होती का रे?"

त्यानंतर त्यांनी मला कधी सामन्याला नेले नाही. स्वतः मात्र जात राहिले. रोव्हर्स चषकाची स्पर्धा २०००-०१ नंतर भरलीच नाही. आप्पा २०११ साली गेले. बंगाली प्राध्यापकाला, आबांना, टपरीवरच्या परक्या माणसालाही मी विचारले, की तुमचा पहिला सामना कोणता. ज्यांच्याबरोबर तेवीस वर्षे एका छपराखाली काढली, त्यांना विचारायचे मला कधी सुचले नाही.

सॉल्ट लेकचे मैदान १९८४ साली सुरू झाले. बाहेरून ते एखाद्या किल्ल्यासारखे दिसते. आत शिरलो तेव्हा दिव्यांचा इतका लख्ख उजेड होता, की गवताचे पाते नि पाते मोजावे. त्या मोसमात ईस्ट बेंगॉलच्या माणसांचे पाय जमिनीवर नव्हते. सहाच दिवसांपूर्वी भुवनेश्वरला ओडिशाला ३-२ असे हरवून त्यांनी सुपर चषक जिंकला होता. बारा वर्षांनी मिळालेला देशपातळीवरचा चषक. आजचा सामना इंडियन सुपर लीगचा. दोन्ही जुने क्लब २०२० पासून या लीगमध्ये खेळतात. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, अल्बानिया अशा देशांतले खेळाडू आता या मशालीसाठी आणि होडीसाठी धावतात. पण गॅलरीतला बांगाल आणि घोटी मात्र तोच आहे.

तिसऱ्याच मिनिटाला अजय छेत्रीने ईस्ट बेंगॉलचा गोल केला. मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. तो कानांनी ऐकायचा नव्हताच; पायांखालच्या सिमेंटातून वर येत होता. आबा, पंचावन्न वर्षांचे, मधुमेहाचे आबा, खुर्चीवर चढले होते आणि खानापुरी शिव्या व बंगाली जयघोष एकाच श्वासात बाहेर पडत होते. सतराव्या मिनिटाला सादिकूने मोहन बागानची बरोबरी साधली. आता समोरची बाजू उसळली, आणि आमच्या बाजूने जे काही समोर ओरडून सांगण्यात आले, त्याचा अर्थ कन्येने विचारला नाही हे माझे भाग्य.

आणि मी? मीही उभा होतो. कधी उभा राहिलो, कळले नाही. बरोबरी होऊन बराच वेळ झाला असेल. चेंडू ईस्ट बेंगॉलच्या कुणाच्या तरी पायात होता, पुढे मोकळी जागा होती, आणि तो देत नव्हता. मी ओरडलो. मराठीतून, व्याकरण सोडून ओरडलो. खाली बसलो आणि शेजारी पाहिले.

कन्या माझ्याकडे पाहत होती. ती नजर मी ओळखली. छत्तीस वर्षांपूर्वी ती माझीच होती.

मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. कन्येचे डोळे भरले होते. दोन्ही कान तळहातांनी दाबून ती म्हणाली, "बाबा, आपण घरी जाऊया ना."

मी मैदानाकडे एकदा पाहिले. मन मोठे चमत्कारिक असते. मला फुटबॉलमधले काही कळत नव्हते, संघ माझे नव्हते, आणि तरीही उठायला जिवावर आले. त्याच क्षणी मला आप्पांचे ते 'चल' समजले. ज्याला वर्षभर वाट पाहून एवढी एकच गोष्ट मिळते, त्याने ती अर्ध्यावर टाकून किती सहज म्हटले होते ते! मी इतकी वर्षे समजत होतो, की आप्पा माझ्यावर नाराज झाले, म्हणून पुन्हा त्यांनी मला नेले नाही. आता वाटले, की मी पुन्हा घाबरू नये, एवढेच त्यांच्या मनात असेल.

"चल," मी म्हणालो.

आबांना सांगून आम्ही गॅलरीमागच्या मोकळ्या जागेत आलो. तिथे गार वारा होता. कन्येला पाणी दिले, एक घुगनीची वाटी घेऊन दिली. उकडलेल्या वाटाण्यांवर कांदा, मिरची, लिंबू. चण्यांऐवजी वाटाणे, एवढाच काय तो फरक. आत उत्तरार्ध सुरू झाल्याची शिट्टी वाजली. तिने बोटे चाटत विचारले, "तुम्ही कशाला ओरडलात एवढे?"

"मलाही माहीत नाही," मी खरे ते सांगितले. आणि मग, तिथेच भिंतीला टेकून, मी तिला कूपरेजची सगळी गोष्ट सांगितली. आप्पांचे ओरडणे, माझे रडणे, बँडस्टँडची बाग, चणेवाला. ती ऐकत होती. घुगनी संपली तरी चमचा तोंडात होता.

गोष्ट संपत आली असतानाच आत मोठा गलका उठला. आणि मग, काय सांगावे, एकाएकी सगळे शांत झाले. पन्नास-साठ हजार माणसांची शांतता कशी असते, हे शब्दांत सांगता येणार नाही. चहावाल्याने किटली हवेतच धरली होती. "पेनल्टी," तो पुटपुटला. आम्हांला तिथून मैदान दिसत नव्हते. दिसत होती ती फक्त माणसांच्या पाठींची भिंत. दोन श्वास गेले. आणि आभाळ कोसळावे तसा आवाज आमच्या अंगावर आला.

कन्येने माझा हात घट्ट धरला. तिने कान झाकले नव्हते.

"कुणी मारला?" तिने चहावाल्याला विचारले. चक्क हिंदीत.

"क्लेटन! क्लेटन सिल्वा!" चहावाला नाचत म्हणाला. हा बरीक आमच्या चणेवाल्यापेक्षा माहितगार निघाला.

कन्या माझ्याकडे वळली. "बाबा, चला ना आत. नाहीतर पुढचाही चुकेल."

आम्ही आत गेलो. आबांनी जागा मफलर टाकून राखून ठेवली होती. त्यांनी काही विचारले नाही. मफलर उचलून कन्येच्या कानांवरून नीट गुंडाळला आणि ते पुन्हा खुर्चीवर चढले. ईस्ट बेंगॉल २-१ ने पुढे होते. घड्याळ पुढे सरकत होते, आणि आबा मनातल्या मनात मटणाचा बेत आखत असावेत. इतक्यात सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पेत्रातोसने गोल केला. आमची बाजू क्षणात विझली आणि समोरची पेटली. २-२. सामना तिथेच सुटला.

फाटकाबाहेर सूनबाई भेटली. आबांनी तिच्याकडे पाहिले, तिने आबांकडे पाहिले, आणि दोघेही एकदम हसले. "म्हंजे मटनबी न्हाई आन् कोळंबीबी न्हाई," आबा म्हणाले. त्या रात्री घरी वरण-भात आणि खसखस घालून केलेला बटाटा झाला, आणि दोन्ही पक्ष मुकाट्याने जेवले.

आमच्या भाषेत ज्या शब्दाने आपण आज दीर्घ कथा ओळखतो, ती बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या हातून पुरी झाली नव्हती. तिचा उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला. दर वर्षी जूनमध्ये मी हे वर्गात सांगतो. कुणी फारसे लक्ष देत नाही. खरे सांगायचे तर मीही कधी दिले नव्हते.

झोपण्यापूर्वी कन्येने अंधारात विचारले, "बाबा, आजोबांची टीम कुठली?"

"माहीत नाही गं."

"त्यांची पहिली मॅच?"

"विचारायचं राहिलं."

ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटले, झोपली. मग पुन्हा आवाज आला. "तुमची पहिली मॅच मग कुठली धरायची? मुंबईची का आजची?"

"दोन्ही मिळून एक. अर्धी तिथली, अर्धी इथली. मध्ये छत्तीस वर्षांचं मध्यंतर."

"आणि स्कोअर?"

"इथला दोन-दोन. तिथला चणेवाल्यालाही माहीत नव्हता."

ती खुदकन हसली, आणि आबांचा मफलर तसाच गुंडाळलेला ठेवून झोपी गेली.